रिकाम्या कार्यालयातला चातुर्मास

आषाढी एकादशी झाली की आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मंगल कार्यालयाची वाचा बसते. आदल्या आठवड्यापर्यंत तिथं बँड, फटाके, 'नवरीच्या मामांनी ताबडतोब स्टेजवर यावे' असा माईकवरचा आरडाओरडा आणि शुक्रवार पेठेतल्या आम्हा सगळ्यांची झोपमोड. मग देव झोपतात आणि त्यांच्या कृपेनं आम्हालाही झोप मिळते. कमानीवरच्या दिव्यांच्या माळा उतरतात, फाटकाला साखळी लागते. लग्न नाही, साखरपुडा नाही. तुळशीचं लग्न लागेपर्यंत एवढी मोठी वास्तू नुसती उभी असते. लोकांना ते कार्यालय लग्नसराईत आठवतं. मला ते रिकामं आठवतं.

यंदाही माळा उतरल्या. परवा भाजी घेऊन येताना फाटकावर तोच जुना फ्लेक्स बांधलेला दिसला. 'जोडीनं नाचायला शिका. वयाची अट नाही.' खालचा कोपरा फाटलाय, चित्रातल्या जोडप्याचे पाय गेलेत, तरी बापडे नाचताहेत. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घरी आले.

दुपारी लावण्याचा फोन आला. नाच शिकवणारी ती हीच.

"काकू, हॉल मिळाला की परत. सोमवारपासून सुरू करतोय. तुम्ही यायचंच."

"कुणाबरोबर येऊ गं?"

ती म्हणाली, "या तर खरं. बघू की."

"बघते," म्हणून मी फोन ठेवला. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईचं 'बघते' म्हणजे 'नाही' असतं, हे लावण्याला कुठून कळणार?

आमचे हे अकलूजकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाचे ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या काट्यावर घ्यायच्या, वजन करायचं, पुढं सोडायच्या. माझी शाळा सोलापुरात, मुलांचं शिक्षण सोलापुरात, म्हणून मी इकडं आणि ते तिकडं. लग्नापासून ते रिटायर होईपर्यंत आमचा संसार शनिवारी संध्याकाळी सुरू व्हायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं संपायचा. गळिताच्या हंगामात तेवढाही नाही. त्यामुळं घर मी चालवलं. मुलांचे ताप, दहावी-बारावी, गळकी गच्ची, दोघांची लग्नं, सगळं. वर्गभर पोरं एका छडीच्या धाकात ठेवणाऱ्या बाईला घरातली चार माणसं काय जड? हे शनिवारी यायचे ते पाहुण्यासारखे. पाहुण्याला आपण ताट देतो, पाणी देतो, काम देत नाही.

मग ते रिटायर होऊन कायमचे घरी आले. पहिला महिना कौतुकात गेला. जाईन तिथं माझ्या मागं फिरायचे आणि मी म्हणायचे, "तुम्ही बसा हो, मी करते." ते बसले. आणि बसले ते बसलेच. दारापाशी खुर्ची, हातात पेपर. सकाळी भाकरी थापायला घेतली तेव्हा जे पान वर असायचं तेच पान जेवायला हाक मारली तरी वर असायचं. उलटलेलं नसायचं. आधी मला वाटलं, दमलेत, विसावा घेताहेत. पुढं जेवण तुटलं, बोलणं तुटलं. दाढी करायची म्हणून सामान घेऊन बसायचे आणि साबण गालावर वाळायचा.

एकदा चहा करते म्हणाले. मला बरं वाटलं. बराच वेळ स्वयंपाकघरात डबे वाजत होते. मग बाहेर येऊन म्हणाले, "साखर कुटं असतीया गं?" सगळं आयुष्य साखरेत काढलेल्या माणसाला स्वतःच्या घरातला साखरेचा डबा सापडत नव्हता. मी खळखळून हसले. ते हसले नाहीत. खुर्चीत बसले आणि अगदी साधेपणानं म्हणाले, "माझं हितं काय काम हाय, सांग बरं." तक्रार नव्हती त्यात. खरोखरच विचारत होते.

मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. घरात कुणाला सांगितलं नाही, शेजारी 'बीपी तपासायला' म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, ही उदासी म्हणजे आळस नव्हे आणि नाटकही नव्हे, आजारच आहे, गोळ्या लागतील. पण नुसत्या गोळ्यांवर ठेवू नका, माणसांत न्या, अंग हलू द्या. फिरायला पाठवलं तर हे कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत जाऊन परत यायचे. म्हणायचे, फिरून आलो.

अशात मला तो फ्लेक्स दिसला. नाच म्हटलं तर हे उंबरा ओलांडणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून सांगितलं, कार्यालयात लग्न आहे, चला. खोटं बोलताना जरा तरी विचार करायचा की नाही! हे शेतकऱ्याच्या घरातले. इस्त्रीचा सदरा घालता घालता थांबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आशाड सरतोय की. देव झोपल्यावर कुनाचं लगीन लावतीयास?"

"आपलं," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

का कुणास ठाऊक, त्यांनी सदऱ्याची बटणं लावली आणि टोपी घातली.

रिकाम्या मंगल कार्यालयाला एक वास असतो. वाळलेल्या झेंडूचा, तळणाच्या जुन्या तेलाचा आणि बंद खोल्यांचा. दिवे कमी, पंखे उंच, आणि आपल्याच बोलण्याचा आवाज फिरून आपल्याकडं येतो. स्टेजवर राजाराणीच्या दोन खुर्च्या पांढऱ्या चादरीत गुंडाळून ठेवलेल्या. स्टेजच्या एका अंगाला 'वरपक्ष' पाटी असलेली खोली, दुसऱ्या अंगाला 'वधूपक्ष'. वधूपक्षाचं दार सताड उघडं असायचं, कारण हॉलच्या पंख्यांची बटणं त्या खोलीत होती. नवरी नटवायला समोरच्या भिंतीवर भलामोठा आरसा, आणि त्याच्या चौकटीला कुणाकुणाच्या टिकल्या चिकटलेल्या. लग्न होऊन पोरी सासरी गेल्या, टिकल्या तिथंच राहिल्या.

लावण्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातली. पुण्यात नोकरी करता करता हा विलायती नाच शिकली, आईच्या आजारपणासाठी परत आली. बारीक चणीची, पण आवाज चार लूम चालू असताना पलीकडच्या गल्लीत जाईल असा. तिनं पहिल्या दिवशी सांगितलं, या नाचाला बूट लागतात. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. जिथं होम पेटतो, अक्षता पडतात, तिथं पायताण घालून? चपला दाराबाहेर ठेवून सगळे अनवाणी उभे राहिलो. मागच्या लग्नातल्या अक्षता फरशीच्या फटींत अडकलेल्या होत्या, त्या तळपायाला टोचायच्या. लावण्यानं कपाळाला हात लावला आणि आपलेही बूट काढले.

दुसरी गंमत फेऱ्याची. जोड्यांनी हॉलच्या कडेकडेनं गोल फिरत नाचायचं, हा नियम. लावण्यानं हातानं दिशा दाखवली, गाणं लावलं, आणि आम्ही सगळे निघालो ते थेट प्रदक्षिणेच्या दिशेनं. ती बिचारी एकटी समोरून येतेय आणि आम्ही सगळे तिच्या अंगावर! तिनं थांबवलं, पुन्हा समजावलं, घड्याळाच्या उलट जायचं. पुन्हा तेच. कार्यालयात फेरा म्हटला की पाय आपोआप उजवीकडं वळतात, त्याला आम्ही तरी काय करणार?

शेवटी पद्माक्कानं पदर खोचला. पद्माक्का लावण्याच्याच गल्लीतली, तेलुगू, सत्तरीकडं झुकलेली. तिचा नवरा वारलेला, म्हणून जावेबरोबर जोडी करून यायची. म्हणाली, "अय्यो, उलटं नको. देवाला असं उलटं जातात काय?"

"अम्मम्मा, सगळं जग असंच फिरतं," लावण्या म्हणाली.

"जग फिरू दे. लगीन लागतं त्या जागेला उलटा फेरा मी नाही घालणार."

लावण्या हरली. जगभर हा नाच कसाही फिरो, सोलापुरात तो प्रदक्षिणेनं फिरतो, आणि ती मोजायचीही तेलुगूतच. ओकटी, रेंडू, मूडू. ओकटी, रेंडू, मूडू. ह्यांनी पहिल्यांदा ते ऐकून मान डोलावली. "तीन-तीनाचंच हाय की. भजनातला दादरा." कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतःहून काढलेलं ते पहिलं वाक्य.

आता खरं सांगायचं तर सगळ्यांत वाईट नाचायची ती मी. हे नव्हे. नियम असा की पुरुषानं पुढं यायचं, बाईनं मागं पाय टाकायचा. त्याचा एक हात बाईच्या पाठीवर, दुसऱ्या हातात तिचा हात. कुठं वळायचं ते त्यानं ठरवायचं, तिनं समजून घ्यायचं. मला कुठलं जमतंय! मी ह्यांना धरून ओढत निघायचे. वळण आलं की आधी मीच वळायचे. एकदा खांबावर आपटलो, एकदा पद्माक्काच्या जावेवर.

"काकू, काकांना नेऊ द्या की तुम्हाला."

"त्यांना रस्ता माहीत नाही गं."

"हॉलला चारच भिंती आहेत काकू. चुकून जातील कुठं?"

सगळे हसले. मीही हसले, पण ह्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि हसू ओसरलं. ते खाली पायाकडं बघत होते, साखरेचा डबा न सापडलेल्या माणसासारखे.

दुसऱ्या दिवशी गाणं सुरू झालं तसा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि निघालेच नाहीत. मी ओढलं. ते हलले नाहीत. मग माझ्या कानाशी, अगदी हळू, पण काट्यावरच्या हुकमी आवाजात म्हणाले, "येऊ द्या."

मला वाटलं, कुणा दुसऱ्याला म्हणताहेत. मला ते जन्मात कधी अहो-जाहो करत नव्हते.

"येऊ द्या… येऊ द्या… बास. आता वळू द्या."

आणि मी गेले की हो! मागं, मागं, मग वळून पुन्हा मागं. कुठं आपटलो नाही. गाणं संपल्यावर मी विचारलं, हे काय होतं? तर म्हणाले, "काट्यावर दोन ट्रॉल्या घिऊन ट्रॅक्टर येतो. मागची चाकं आली का न्हाय त्ये ड्रायव्हरला दिसत न्हाय. आपुन ओरडायचं न्हाय, ओढायचं न्हाय. फकस्त येऊ द्या म्हनायचं. त्येला भरवसा वाटला की त्यो आपसूक येतो."

"म्हणजे मी ट्रॅक्टर?"

"दोन ट्रॉल्यांचा," ते म्हणाले. आणि हसले. ते हसू मी किती दिवसांनी बघत होते! घरी जाताना रस्ताभर मला रडू येत होतं आणि ते ह्यांना दिसू नये म्हणून मी सगळ्या दुकानांच्या पाट्या वाचत होते.

मागं पाय टाकायला किती धीर लागतो, हे त्या चातुर्मासात कळलं. पाठीमागं काय आहे ते दिसत नाही. पाठीवर फक्त एक तळहात असतो. तेवढ्या तळहातावर विसंबून माणसानं अख्खा देह मागं झोकून द्यायचा. मी जन्मभर सगळ्यांच्या पुढं चालले. पुढं चालणाऱ्याला वाटतं, आपण सगळ्यांना सांभाळतोय. मागून येणाऱ्याला आपल्या पाठीशिवाय काही दिसत नाही, हे ध्यानातच येत नाही. त्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी तासभर मला काहीच सांभाळायचं नसायचं. सांभाळायला हे होते. त्यांच्या हाताला काम मिळालं होतं आणि माझ्या पाठीला विसावा.

आणि नुसता हातात हात! आपल्याकडं नवराबायकोनं हात धरायचा तो लग्नात, भटजींनी सांगितलं म्हणून. त्यानंतर रस्ता ओलांडताना नाहीतर दवाखान्यात. मुलं मोठी झाली की तेही अवघड वाटतं. ह्यांच्या उजव्या तळहातावर काट्याचा दांडा धरून धरून पडलेला घट्टा होता. इतक्या वर्षांच्या संसारात तो मला त्या हॉलमध्ये पहिल्यांदा कळला. मी विचारलं, दुखतं का? म्हणाले, "आता कुटलं." तो घट्टा माझ्या पाठीवर डाव्या बाजूला नेमका कुठं असायचा, ते मला आजही सांगता येईल.

लावण्यानं एकदा 'जोड्या बदला' म्हणून बघितलं. जोडीदार बदलून नाचलं की भीड जाते, अनोळखी माणसाशी जुळवून घेता येतं, मन मोकळं होतं, असं बरंच बोलली. कुणी हललं नाही. सगळे पुरुष एकाएकी पंख्यांकडं बघायला लागले. अखेर पद्माक्कानंच तोडगा काढला, बायका बायकांशी आणि बाप्ये बाप्यांशी. ह्यांच्या वाट्याला सायकलच्या दुकानाचे दाढीवाले चाचा आले. दोघंही पुढं येणारे, मागं जायला एकही तयार नाही. "तुमी या की." "नई, तुम आव." दोघं एकमेकांना ढकलत हॉलभर फिरले आणि आम्ही पोट धरून हसलो. त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, शेंगाचटणी मागून घेतली.

नाचानं आजार बरा झाला असं मी म्हणणार नाही. कुणी म्हटलं तर त्याच्यावर विश्वासही ठेवू नका. गोळ्या चालू होत्या. मधे मधे दिवस असे यायचे की हे अंथरुणातून उठायचे नाहीत, आणि त्या दिवशी आम्ही जायचो नाही. पण गेलो की परत येताना पाऊल वेगळं पडायचं. एके दिवशी पेपर वाचता वाचता ते मोठ्यानं चिडले, कुठल्याशा बातमीवर. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या देवाला हात जोडले. बातमी आतल्या पानावरची होती.

आणि साडी. श्रावणातल्या एका दुपारी, न सांगता, हे बाहेर पडले. दोन तास पत्ता नाही. माझा जीव नुसता टांगणीला. परत आले ते नवी पेठेतल्या दुकानाची पिशवी घेऊन. आत निळी सुती साडी, बारीक काठाची. माझ्या लग्नाचा बस्तासुद्धा त्यांच्या मामांनी काढला होता. ह्यांनी एकट्यानं दुकानात जाऊन, मांडी घालून, साड्या उलगडायला लावून घेतलेली ही पहिली.

"हे कशाला?" मी म्हटलं. बायकांनी हे म्हणायचंच असतं.

"तुज्या त्या नायलॉनवर हात ठरत न्हाय," ते म्हणाले. "घसरतो."

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही कळली नव्हती. स्टेजच्या बाजूचा कोपरा जवळ आला की हे हसायचे. वळणाच्या आधी, दरवेळी. तोंड भरून नव्हे, ओठातल्या ओठात. मी मागं मागं जात असल्यानं माझी पाठ तिकडं. मला काही दिसायचं नाही. वळल्यावर मान वळवून बघावं तर पाऊल चुकायचं.

"काय हसताय?"

"काय न्हाय. येऊ द्या."

नवरात्रात वर्गाला सुट्टी होती. पद्माक्का आणि तिच्या गल्लीतल्या बायका फुलांचे मनोरे रचून त्यांच्याभोवती टाळ्या वाजवत फिरल्या, मला ओढून नेलं. तिथंही फेरा, तिथंही पाय. मी फिरले, पण पाठ रिकामी रिकामी वाटत राहिली. दसऱ्यानंतर वर्ग सुरू झाला तेव्हा मी सगळ्यांच्या आधी पोचले होते.

मग कार्तिक आला. तुळशीच्या लग्नाला दोन दिवस राहिले आणि कार्यालय जागं व्हायला लागलं. माणसं गाद्या झटकत होती, कमान रंगवत होती. शेवटच्या दिवशी अर्ध्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या चळती लागल्या होत्या. उरलेल्या जागेत, खुर्च्यांमधून वाट काढत, आम्ही नाचलो. मला आठवतंय, मी डोळे मिटले होते. खुर्च्या होत्या, खांब होते, रंगाच्या बादल्या होत्या, आणि मी डोळे मिटून मागं चालले होते. स्टेजचा कोपरा आला तेव्हा मी डोळे उघडले. हे हसत होते.

"आज तरी सांगा."

"सांगतो की."

"कधी?"

"फुडच्या चातुर्मासात. काय तरी राहू दे की फुडं."

चैत्रात ते गेले. सकाळी चहा त्यांनीच केला होता. साखर स्वतः घेतली होती. कप घेऊन दारापाशी बसले आणि तिथंच मान कलली. डॉक्टर म्हणाले, हृदय. दुखलं नसेल, म्हणाले. मी मान हलवली.

त्या वर्षीचा चातुर्मास मी कार्यालयाच्या रस्त्यानं गेलेच नाही. बाजाराला जायला लांबून वळसा घालायचे. दिवस रिकामे गेले, असं मात्र कुणी म्हणू नये. लेक रोज फोनवर नातवाला दाखवते. शाळेतल्या जुन्या मुली येतात, वाकून नमस्कार करतात. या वयात सगळे पायाला हात लावतात, पाठीवर हात कुणी ठेवत नाही. मी आशीर्वाद म्हणून दुसऱ्यांच्या डोक्यावर ठेवते तेवढाच काय तो स्पर्श. ह्यांची आठवण येते असं म्हणतात लोक, त्याला 'येते' म्हणायचं का? येते म्हणजे मधे कुठं जाते तरी. माझ्या पाठीवरची ती जागा दिवसभर जागी असते.

लावण्याला 'बघते' सांगून फोन ठेवला ना, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. शेजारच्या वहिनी वाटीभर धपाट्याचं पीठ मागायला आल्या. मी दारापाशी बसले होते, ह्यांच्या खुर्चीत, पेपर घेऊन. वहिनी म्हणाल्या, "सकाळपास्नं तेच पान वाचताय की हो. लई महत्त्वाचं हाय का?"

मी पानाकडं बघितलं. मला त्यातलं एक अक्षर आठवेना. पान उलटलेलं नव्हतं. कालचं तरी उलटलं होतं का? परवाचं? या खुर्चीतून मी एका माणसाला उठवून नेलं होतं. मला कोण उठवणार होतं? वहिनींना पीठ दिलं, दार लावलं आणि कपाटातून निळी साडी काढली. सोमवार उजाडायचा होता, तरी इस्त्री करून ठेवली.

सोमवारी नुसतं बघायला म्हणून गेले. चपला बाहेर काढल्या. तोच वास, तेच उंच पंखे. पद्माक्कानं लांबून नुसता हात हलवला, बरं केलं. खांबाला टेकून एक बाई उभी होती, पन्नाशीची असेल. पर्स छातीशी धरलेली, नजर फरशीवर. लावण्या माझ्या कानाशी लागली. "ज्योतीताई. भावजय आणून सोडून गेलीय. बोलत नाहीत फार. काकू, पुरुषाची बाजू घ्याल का?"

"मी?"

"काकांबरोबर पहिल्या आठवड्यात रोज घेत होता की!"

मी ज्योतीताईंसमोर उभी राहिले. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. नायलॉनची साडी. हात घसरला. पुन्हा ठेवला, जरा दाबून. त्यांचं अंग लाकडासारखं ताठ होतं आणि हात गार. लावण्यानं मोजायला सुरुवात केली आणि माझ्या जुन्या सवयीनं मी त्यांना ओढलंच. त्यांचा पाय माझ्या पायावर पडला. "चुकलं, चुकलं," त्या पुटपुटल्या आणि हात सोडवायला लागल्या.

मी थांबले. ओरडायचं नाही, ओढायचं नाही.

"येऊ द्या," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं.

"मागं येऊ द्या. मी बघतेय पुढचं. येऊ द्या… येऊ द्या…"

एक पाऊल आलं. मग दुसरं. तळपायाला कुठली तरी अक्षता टोचली. खिडक्यांची भिंत संपत आली, स्टेज जवळ आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या कोपऱ्याकडं तोंड करून चालले होते. वधूपक्षाचं दार सताड उघडं होतं. आत समोर आरसा, कडेला टिकल्या. आरशात ज्योतीताईंची पाठ होती, पाठीवर माझा हात होता आणि त्यांच्या खांद्यावरून माझं तोंड दिसत होतं.

म्हणजे ह्यांना इथून हेच दिसायचं. माझी पाठ, निळ्या साडीवर ठरलेला आपला हात, आणि त्या हाताचा धनी. 'माझं हितं काय काम हाय' म्हणून विचारणाऱ्या त्या माणसाला दर फेऱ्याला आरशात आपलं काम दिसत होतं. आम्ही दोघं दिसत होतो. मी तेवढी जन्मभर पाठ करून होते. पद्माक्कानं हट्ट धरला नसता, फेरा जगासारखा उलटा फिरला असता, तर त्या आरशात आम्ही ह्यांना एकदाही दिसलो नसतो.

माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी ओठांवर काहीतरी आलं असावं. कारण ज्योतीताई पहिल्यांदाच आपणहून बोलल्या.

"काय हसताय हो ताई?"

वळण अगदी पुढ्यात होतं. मी त्यांच्या पाठीवरचा हात नीट ठेवला.

"सांगते की," मी म्हटलं. "येऊ द्या."